सवय म्हणजे संमती नव्हे

निरभ्र आकाश असावे, वारा पडलेला असावा, घरोघरी नित्याचे व्यवहार चालू असावेत आणि अकस्मात दोन तोफा पाठोपाठ डागल्यासारखा आवाज व्हावा, तावदाने थरथरावीत, फडताळातील बशा खणखणाव्यात, अंगणातली कुत्री केकाटत घरात शिरावीत. वर पाहावे तर आकाशात काहीही नाही. फार तर दूरवर एखादी पांढरी रेघ. अमेरिकेत आज सत्तरी ओलांडलेल्या अनेक स्त्रीपुरुषांच्या बालपणाशी हा अनुभव निगडित आहे. लष्करी विमाने तेथे वस्तीवरून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जात, आणि त्यांच्या पाठोपाठ हा गडगडाट जमिनीवर उतरे. इंग्रजीत त्याला सॉनिक बूम म्हणतात. आपण त्याला ध्वनिस्फोट म्हणू या.

या आठवणी सांगणाऱ्यांचे स्वर मात्र एकसारखे नसतात. कुणी कौतुकाने सांगतो, कुणी त्रासिकपणे. आणि जगाच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात तोच आवाज आठवताना माणसाचा स्वर भयाने कापरा होतो. ध्वनी तोच, त्याचे भौतिकशास्त्र तेच. मग त्याचे नैतिक मूल्य वेगळे का ठरावे? सर्वांच्या हितासाठी म्हणून काही माणसांच्या माथी एखादा उपद्रव मारण्याचा अधिकार कुणाला, कितपत आणि कोणत्या अटींवर असतो? या लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हा आवाज होतो कसा, ते पाहू. ध्वनी समुद्रसपाटीजवळ ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर वेगाने जातो. उंचावरील थंड हवेत त्याचा वेग कमी होतो आणि ३६,००० फुटांवर तो ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. विमान हवेला जो धक्का देते तो लाटांच्या रूपाने चहूकडे पसरतो. विमानाचा वेग ध्वनीहून कमी असेल तर या लाटा त्याच्या पुढे निघून जातात. वेग त्याहून अधिक झाला की लाटांना पुढे जाता येत नाही. त्या एकमेकींवर साचतात आणि त्यांची एक प्रखर आघातलाट बनून शंकूच्या आकारात विमानामागे ओढली जाते. ती जमिनीला स्पर्श करील तेथे स्फोट ऐकू येतो. एक विमानाच्या नाकाकडील लाटेचा आणि लगेच दुसरा शेपटीकडील लाटेचा. म्हणूनच तो पुष्कळदा जोडीने येतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करावयास हवा. विमान ध्वनीची मर्यादा ओलांडते त्या एका क्षणीच आवाज होतो, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः विमान जोवर त्या वेगाने उडत असते तोवर हा आवाज त्याच्यामागे अखंड फरफटत येत असतो. त्याचा पट्टाही लहानसहान नसतो. उंचीच्या दर हजार फुटांमागे सुमारे एक मैल रुंदी असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पन्नास हजार फुटांवरील विमान सुमारे ऐंशी किलोमीटर रुंदीच्या प्रदेशाला दचकवीत जाते. हवेच्या दाबात पडणारा फरक तसा किरकोळ, नेहमीच्या वातावरणीय दाबाच्या हजारांशाहूनही कमी असतो. पण तो इतक्या एकाएकी पडतो की कान आणि काळीज दोन्ही हादरतात. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, खुद्द वैमानिकाला हा स्फोट ऐकूच येत नाही. तो आपला आवाज मागे टाकून पुढे गेलेला असतो. आवाज ज्याच्या कृतीने होतो तो एक, आणि ज्याला सोसावा लागतो तो दुसरा. मग करणाऱ्याने जाणावे कसे?

कौतुकाच्या आठवणी खोट्या आहेत, असे मुळीच नाही. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर चक येगर यांनी बेल एक्स-१ या विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला, तेव्हा अनेकांना अशक्य वाटलेली एक मर्यादा गळून पडली. पुढील काही वर्षे लोक हा आवाज ऐकण्यासाठी आवर्जून जमत असत. ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान प्रदर्शनात जॉन डेरी यांनी डी हॅविलंड ११० विमानाने हा स्फोट प्रेक्षकांना ऐकविला. त्यानंतर थोड्याच वेळात ते विमान हवेतच दुभंगले आणि त्याचे भाग गर्दीत कोसळले. विमानातील दोघे आणि २९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी नेव्हिल ड्यूक यांनी दुसरे विमान घेऊन उड्डाण केले आणि प्रदर्शन पुढे चालू राहिले. महायुद्धाच्या आठवणी ताज्या होत्या, शीतयुद्धाची छाया पडू लागली होती. आपल्या आकाशात आपलेच वेगवान विमान गरजते आहे, याचा लोकांना दिलासा वाटे. विमानांचा आवाज हा स्वातंत्र्याचाच आवाज आहे, असे म्हणण्याची अमेरिकेत पुढे रीतच पडून गेली.

स्वखुशीने मैदानावर जाऊन ऐकलेला आवाज आणि घरात बसल्या जागी येऊन आदळणारा आवाज यांत मात्र भेद आहे. तो भेद ओक्लाहोमा सिटीच्या नागरिकांनी १९६४ साली अनुभवला. स्वनातीत प्रवासी विमाने बांधण्याचा अमेरिकेचा त्या वेळी संकल्प होता. ती विमाने शहरांवरून जाऊ लागली तर लोक ते सहन करतील काय, हे पाहण्यासाठी तेथील संघीय विमान वाहतूक प्रशासनाने हवाई दलाच्या विमानांच्या साहाय्याने या शहरावर प्रयोग केला. ३ फेब्रुवारीला तो सुरू झाला आणि ३० जुलैला संपला. दररोज सरासरी आठ याप्रमाणे सहा महिन्यांत एकूण १,२५३ ध्वनिस्फोट या शहराने ऐकले. पहिला सकाळी सात वाजता होई. रात्री स्फोट होत नसत, ही त्यातली सवलत. पण रात्रपाळी करून सकाळी अंथरुणाला पाठ टेकणाऱ्याला या सवलतीचा काय उपयोग?

हेच शहर का निवडले? विमान वाहतूक प्रशासनाचे मोठे केंद्र आणि टिंकर हा हवाई दलाचा तळ दोन्ही तेथे होते. हजारो कुटुंबांची चूल विमानांच्या उद्योगावर पेटत होती. हे लोक सोशिक ठरतील, असा हिशेब होता. शहराची निवड झाली तेव्हा तेथील व्यापारी मंडळाने आनंदाची मेजवानी दिली. निवड होण्यातला आनंद व्यापारी मंडळाचा होता. तावदाने मात्र सर्वांची होती. पहिल्या चौदा आठवड्यांत शहरातील दोन सर्वांत उंच इमारतींची मिळून १४७ तावदाने फुटली. घरांच्या गिलाव्याला तडे गेल्याच्या, काचा तडकल्याच्या अशा नुकसानीच्या साडेनऊ हजारांहून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. भरपाई मात्र त्यांतील फार थोड्यांच्या पदरी पडली.

प्रयोग चालू असताना शिकागो विद्यापीठाच्या जनमत संशोधन केंद्राने सुमारे तीन हजार प्रौढ नागरिकांच्या तीन वेळा मुलाखती घेतल्या. अखेरच्या फेरीत ७३ टक्के लोकांनी दिवसाला आठ स्फोटांसह आपण जगू शकू असे सांगितले; २७ टक्के लोकांनी ते आपल्याला जमणार नाही असे सांगितले. प्रारंभी जमेल म्हणणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सवय होईल तसतसा विरोध मावळेल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात महिने लोटले तसा तो वाढत गेला.

या दोन आकड्यांपाशी आपण थोडे थांबू. ७३ हे बहुमत आहे, यात वाद नाही. परंतु त्यातून काय सिद्ध होते? पहिली गोष्ट, "तुम्ही हे सोसू शकाल काय?" आणि "तुम्हाला हे मान्य आहे काय?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या सहनशक्तीविषयी सांगते, दुसऱ्याचे त्याच्या इच्छेविषयी. माणूस पुष्कळ काही सोसतो. गळके छप्पर सोसतो, उर्मट सावकार सोसतो, स्त्रिया तर कितीतरी गोष्टी आयुष्यभर निमूटपणे सोसतात. त्यांनी सोसले म्हणून त्यांना ते मान्य होते, असे म्हणणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय. सवय ही शरीराची आणि मनाची तडजोड आहे. संमती हे विवेकाचे आणि इच्छाशक्तीचे स्वतंत्र कर्म आहे. ज्याला नकार देण्याची मुभाच नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट, उरलेले २७ टक्के कोण होते? त्यांची नावनिशी आपल्याला ठाऊक नाही. पण कोणत्याही वस्तीत अशा उपद्रवाने कोण अधिक पोळतो, हे सांगावयास संशोधनाची आवश्यकता नाही. खाटेवरचा रुग्ण, तान्हे मूल आणि त्याला मोठ्या मुश्किलीने निजविणारी त्याची आई, हृदयविकाराचा वृद्ध, युद्धावरून परतलेला आणि तोफांचा आवाज विसरू न शकणारा सैनिक, हीच माणसे. धडधाकट माणसांच्या बहुमताने त्यांच्या वतीने दिलेला होकार हा कितीही मोठ्या संख्येचा असला तरी परस्पर दिलेला होकार असतो. मोटारींसाठी रस्ता रुंद करावा की बाजार हलवावा, अशा गोष्टी मतांनी ठरविणे योग्यच आहे. परंतु एकाच्या झोपेची किंमत दुसऱ्याने ठरवावी, हे मतमोजणीने न्याय्य होत नाही. सामायिक हित म्हणजे अधिकांचे हित अधिक उणे थोड्यांचे अहित अशी बेरीज-वजाबाकी नव्हे. ज्या हितात दुर्बळाचाही वाटा आहे, तेच सामायिक हित. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या संविधानात सामायिक हिताची कल्पना मांडताना समूहांबरोबर प्रत्येक व्यक्तीचाही विचार केला आहे, तो यासाठीच.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रवासी विमान हा सोयीचा प्रश्न आहे. लष्करी विमान हा संरक्षणाचा प्रश्न आहे. वैमानिकाने सराव केला नाही तर संकटकाळी देशाचे रक्षण कोण करणार? थोडासा आवाज सोसला तर काय बिघडले? या आक्षेपात तथ्य आहे. सीमेवर जीव धोक्यात घालणाऱ्यांच्या तुलनेत आपली तावदाने नक्कीच क्षुल्लक आहेत.

अशा प्रसंगांसाठीच नीतिशास्त्राने दुहेरी परिणामाचे तत्त्व विकसित केले. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना त्याचा पाया घातला. पुढील नीतिशास्त्रज्ञांनी त्याला चार अटींचे रूप दिले. कृती स्वभावतः वाईट नसावी. तिचा वाईट परिणाम हा कर्त्याचा हेतू नसावा. चांगला परिणाम वाईटाच्या द्वारे साधलेला नसावा. आणि घडणाऱ्या अहिताला पुरेल इतके सबळ कारण असावे. या अटी ध्वनिस्फोटाला लावून पाहू. सराव ही कृती वाईट नाही. लोकांना दचकविणे हा वैमानिकाचा हेतू नाही. लोक दचकल्यामुळे तो अधिक कुशल होतो, असेही नाही. उरते ती चौथी अट, कारणाच्या सबळपणाची. आणि तिच्यातच एक कर्तव्य दडलेले आहे. जे अहित टाळता येण्याजोगे आहे ते टाळल्यानंतर जे उरते, तेवढ्यासाठीच सबळ कारणाचा आधार घेता येतो. समुद्रावर, निर्जन प्रदेशावर किंवा पुरेशा उंचीवर सराव होऊ शकत असेल, तर वस्तीवरील सरावाचे समर्थन संरक्षणाच्या नावाने करता येत नाही. अमेरिकी हवाई दलानेही पुढे जमिनीवरील स्वनातीत उड्डाणे मुख्यतः नेमून दिलेल्या प्रदेशांत आणि मोठ्या उंचीवर करण्याचे बंधन स्वीकारले. त्यामुळे त्यांचे संरक्षण लुळे पडले नाही.

कारण सबळ नसेल तर काय होते, त्याचे उदाहरण १९६८ च्या मे महिन्याच्या अखेरीस कोलोरॅडोमधील हवाई दलाच्या प्रबोधिनीत घडले. समारंभात मानवंदनेसाठी एफ-१०५ विमाने आली. त्यांपैकी एक अगदी कमी उंचीवरून ध्वनीहून अधिक वेगाने गेले. सुमारे दोनशे तावदाने फुटली आणि दहा-पंधरा माणसे काचांनी जखमी झाली. शत्रू कुठेही नव्हता. सामर्थ्याचे प्रदर्शन हे संरक्षण नव्हे. ते संरक्षणाची वस्त्रे पांघरते, एवढेच.

दुसरी अट, हेतूची, मोडली की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. २००५ साली इस्रायलने गाझापट्टीतून आपल्या वसाहती मागे घेतल्या, त्यानंतर त्याच वर्षी इस्रायली लढाऊ विमाने त्या दाटीवाटीच्या प्रदेशावर कमी उंचीवरून, अनेकदा रात्री, ध्वनिस्फोट घडवू लागली. गाझातून इस्रायली गावांवर अग्निबाण सोडले जात होते, त्याला हे प्रत्युत्तर होते. ते अग्निबाणही नागरी वस्तीवर, कोण मरेल याचा विचार न करता सोडलेले होते आणि तेही तितकेच निषेधार्ह होते. परंतु येथे आवाज हा सरावाचा आनुषंगिक परिणाम उरला नव्हता. आवाज हेच साधन झाले होते. इस्रायली डॉक्टरांची एक मानवाधिकार संघटना आणि गाझातील मानसिक आरोग्याची एक संस्था यांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मुले झोपेत दचकून उठतात, अंथरूण ओले करतात, आईला बिलगून राहतात, हे त्या डॉक्टरांना दिसत होते. एका बाजूचे डॉक्टर दुसऱ्या बाजूच्या मुलांच्या झोपेसाठी न्यायालयात उभे राहिले, ही गोष्ट त्या काळोख्या कहाणीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी अग्निबाण सोडले त्यांना धडा शिकविण्यासाठी ज्यांनी ते सोडले नाहीत त्यांच्या मुलांना घाबरविणे, हे वाईटाच्या द्वारे चांगले साधू पाहणे आहे. आणि तिसरी अट नेमकी हेच निषिद्ध मानते. रक्त सांडले नाही म्हणून इजा झाली नाही, असे होत नाही.

आपल्या देशातील एक प्रसंगही आठवण्याजोगा आहे. २० मे २०२० रोजी दुपारी बेंगळुरू शहर एका प्रचंड आवाजाने हादरले. टाळेबंदीमुळे लोक घरातच होते. अनेकांना भूकंपाची शंका आली. भूकंपमापकांवर तशी नोंद नव्हती. संध्याकाळी संरक्षण मंत्रालयाने खुलासा केला की, हवाई दलाच्या एका विमानाचे ते चाचणी-उड्डाण होते, ते शहराबाहेर नेमून दिलेल्या प्रदेशातच झाले, आणि विमान ६५ ते ८० किलोमीटर दूर असले तरी असा आवाज ऐकू येऊ शकतो. खुलासा आला आणि शहराचा जीव भांड्यात पडला. आवाज परत घेता येत नाही. पण भयाचे मोठे कारण आवाज नसून अज्ञान असते. जो उपद्रव टाळता येत नाही, त्याची पूर्वसूचना देणे, निदान पाठोपाठ खरे कारण सांगणे, हे सत्तेचे सौजन्य नाही. ते तिचे कर्तव्य आहे. पुण्याच्या लोहगावजवळ किंवा नाशिकच्या ओझरजवळ राहणारी आपली कुटुंबे लढाऊ विमानांच्या इंजिनांची घरघर पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत. ती घरघर म्हणजे ध्वनिस्फोट नव्हे; तरीही सोसण्याची ही भाषा त्यांना चटकन कळेल.

या सर्वांतून तीन निकष हाती लागतात. ज्याला सोसावे लागणार आहे त्याला आधी विचारले काय? टाळता येण्याजोगे सारे टाळले काय? जे टाळता आले नाही त्याची भरपाई प्रामाणिकपणे केली काय? ओक्लाहोमा सिटीत पहिल्याचे उत्तर व्यापारी मंडळापुरते होते, दुसऱ्याचा विचारच नव्हता आणि तिसऱ्याचे उत्तर जेमतेम होते. त्या २७ टक्क्यांचा आवाज मात्र वाया गेला नाही. खर्चाच्या प्रश्नाबरोबर ध्वनिस्फोटाचा प्रश्नही गाजत राहिला. १९७१ साली अमेरिकी संसदेने स्वनातीत प्रवासी विमानाच्या योजनेचा निधी थांबविला, आणि १९७३ साली जमिनीवरून नागरी विमानांनी ध्वनीहून अधिक वेगाने उडण्यास तेथे बंदी आली. १९७६ ते २००३ या काळात प्रवासी वाहतूक करणारे काँकॉर्ड विमानही आपला खरा वेग मुख्यतः समुद्रावरच दाखवू शकले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९७३ ची बंदी मागे घेण्याचा आदेश काढला. दुसरीकडे नासाचे एक्स-५९ हे विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच आकाशात झेपावले. स्फोटाऐवजी हलका ठोका ऐकू यावा अशी त्याची रचना आहे, आणि पुढे निवडक वस्त्यांवरून ते नेऊन खाली राहणाऱ्या लोकांचे मत घेण्याची योजना आहे. म्हणजे जुना प्रश्न नव्या रूपाने पुन्हा उभा आहे. तंत्रज्ञानाने आवाज कमी होईल. पण लोकांना काय विचारले जाईल, सोसाल काय की मान्य आहे काय, यावर त्या प्रयोगाची नैतिक किंमत ठरेल.

शेवटी, हा विषय केवळ विमानांचा आणि सरकारांचा नाही. आपल्याही घरी लग्न असते, गावाचा सण असतो, ध्वनिक्षेपक लागतात, बँड वाजतो, मध्यरात्री फटाक्यांची माळ फुटते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो ठामपणे उचलून धरला आहे. तरीही "वर्षातून एकदाच तर असते", "कुणी तक्रार केली नाही", "सर्वांना सवय आहे" ही वाक्ये आपण सहज उच्चारतो. नीट पाहिले तर ओक्लाहोमा सिटीच्या प्रयोगामागे हीच वाक्ये होती. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळले आहे, ज्या घरी उद्या मुलाची परीक्षा आहे, ते घर तक्रार करीत नाही. कारण त्याला शेजार टिकवायचा असतो. त्या घराचे मौन म्हणजे आपल्याला मिळालेला परवाना नव्हे.

वैमानिकाला आपल्या विमानाचा स्फोट ऐकू येत नाही, ही निसर्गाची योजना आहे; तिला इलाज नाही. आपल्याला मात्र शेजारच्या दारावर थाप मारून विचारता येते, आवाज लहान करता येतो, वेळ पाळता येते. सणाच्या आधी ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरी दोन मिनिटे जाऊन यावे, एवढी गोष्ट प्रत्येक कुटुंबाच्या आवाक्यातली आहे. ते घर "चालेल" म्हणाले तर तो होकार खरा असेल; आणि "नको" म्हणाले तर त्या नकाराला सणाइतकाच मान द्यावा.